बेबी नगराळे आणि नाकाडीचा मागचा ॲक्सल

बेबी नगराळे पंचेचाळीस वर्षांची झाली तरी बेबीच राहिली. हिंगणघाटला पाळण्यात घातलं तेव्हा आत्याला दुसरं नाव सुचलं नाही, आणि तेच पुढे रेल्वेच्या हजेरीपटावर चढलं. लखनऊच्या वॅगन वर्कशॉपात फोरमन सकाळी ओरडायचा, "बेबी!" आणि साडीचा काचा मारलेली, खांद्यावर मोठा हातोडा घेतलेली, गालावर ग्रीसचा फराटा असलेली एक उंचपुरी बाई म्हणायची, "हाजिर!" माणूस नवा असला तर दचकायचाच.

तिचा नवरा गोपीनाथ त्याच वर्कशॉपात फिटर होता. त्र्याहत्तर साली काविळीने गेला आणि त्याच्या जागी हिला खलाशी, म्हणजे मिस्त्रीच्या हाताखालची मजूर, म्हणून घेतलं. पहिल्या दिवशी साहेबाने सांगितलं, "बाई, तुम्ही पाणी भरा, झाडू मारा, बसून राहा." बेबीने आठवडाभर पाणी भरलं, झाडू मारला. बसून राहणं मात्र तिला जमेना. आठव्या दिवशी ती साहेबासमोर उभी राहिली. म्हणाली, "साहब, पगार खलासी का देते हो, तो हथौड़ा भी दो." साहेबाने चिडून हातोडा दिला. दोन तासांत परत आणून ठेवील, असं त्याला वाटलं होतं. तो हातोडा सहा वर्षं तिच्याकडेच होता.

गोपीनाथने मागे तीन गोष्टी ठेवल्या. एक मुलगी, माया. एक रेल्वेचं क्वार्टर. आणि एक ट्रक.

हा ट्रक म्हणजे लढाईच्या वेळचा अमेरिकन खटारा. फौजेने लिलावात काढला तेव्हा गोपीनाथ आणि त्याच्या दोन मित्रांनी मिळून घेतला. मित्र पुढे बदली होऊन गेले, ट्रक राहिला. पुढचं तोंड लांब आणि गोल, म्हणून वस्तीतली पोरं त्याला नाकाडी म्हणायची. लखनऊत बदलून आलेल्या मराठी माणसांचं सामान, कुणी बँकेतले, कुणी पोस्टातले, नाकाडीनेच उतरवलं. इंदिरा नगरात नवी घरं झाली तेव्हा निम्म्या लोकांची कपाटं तिच्याच पाठीवरून गेली. गोपीनाथने बायकोला मैदानात गाडी शिकवली, लायसन काढून दिलं, तेव्हा लोक हसले. तो म्हणायचा, "हसा बाप्पा. मी आजारी पडलो तर गाडी काय तुमच्या बैलाने ओढायची?"

पण नाकाडीचा खरा मान वर्षातून एक दिवस. चौदा एप्रिलला चारबागपासून हजरतगंजपर्यंत जयंतीची मिरवणूक निघायची आणि सगळ्यांत पुढे नाकाडी. वर बाबासाहेबांचा फुलांनी सजवलेला फोटो, मागे पांढऱ्या लुगड्यांतल्या बाया, गाणी म्हणत. गोपीनाथ गेल्यापासून स्टिअरिंगवर बेबी बसायची. तेवढे चार तास तिला गोपीनाथ गेल्यासारखा वाटायचा नाही. हे तिने कुणाला कधी सांगितलं नाही.

एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत नाकाडी बसली.

सरोजिनी नगरहून एका बिऱ्हाडाचं सामान आणत होती. कानपूर रोडवर मागून जात्यात खडे दळल्यासारखा आवाज आला, मग एक मोठा दणका, आणि इंजिन चालू असून गाडी जागची हलेना. ट्रॅक्टरला बांधून क्वार्टरमागच्या मोकळ्या जागेत आणून, कडुलिंबाखाली उभी केली.

चारबागजवळ अच्छन उस्तादांचं गॅरेज होतं. जुन्या गाड्यांच्या कामात त्यांच्यासारखा हात आसपास नव्हता, हे बेबीही मान्य करायची. ते गाडी बघायला आले. पांढरा कुर्ता, तोंडात पान. गाडीखाली जाताना आधी पोतं, पोत्यावर चादर, मग उस्ताद. खालून दोन ठोके मारले, कान लावला आणि बाहेर आले.

"बीबी, पिछले धुरे का काम तमाम है. क्राउन के दाँत गए, बेअरिंग भी गई समझिए."

"कब तक बनेगा, उस्ताद?"

"मई से पहले तो हाथ न लगा पाऊँगा. शादियों का सीज़न है, सात गाड़ियाँ खड़ी हैं."

"चौदह अप्रैल को चाहिए. तुम गॅरेज में दूसरा काम देखो, हम खोल के रखते हैं, तुम खाली बैठा दो. हम बाजू में खड़े रहके देखेंगे."

उस्तादांनी पान गालाच्या दुसऱ्या बाजूला सरकवलं. लखनऊचा माणूस अपमानसुद्धा अदबीने करतो. "माफ कीजिएगा, क्राउन-पिनियन बैठाते वक्त हम अपने सगे भाई को भी पास खड़ा नहीं करते. और यह काम आपके बस का नहीं. आप रोटी बनाइए, अल्लाह ने हाथ में लज़्ज़त दी होगी."

"हमारे हात की रोटी तुमने खाई नहीं उस्ताद," बेबी म्हणाली. "खाते, तो हथौड़ा ही पकड़ने को बोलते."

उस्ताद हसले, पण जाता जाता दम देऊन गेले. "एक बार घर में खोल लिया, तो फिर मेरे यहाँ मत लाइएगा. दूसरे का बिगाड़ा हुआ हम नहीं छूते."

जयंती मंडळाची बैठक भाऊराव वासनिकांच्या व्हरांड्यात भरली. भाऊराव हे अध्यक्ष. सरकारी कचेरीत हेडक्लार्क, त्यामुळे घरातही फायली उघडल्यासारखे बोलायचे.

"तर विषय असा आहे," ते म्हणाले, "की यंदा भाड्याचा ट्रक लावावा. आणि बेबीबाई, राग मानू नका, ते धूड आता भंगारात द्यावं. कबाडी मला विचारून राहिला होता. जागाही मोकळी होईल."

"कोणाचं धूड?"

"नाही म्हणजे, नाकाडीचं."

"ते धूड वीस वर्षं तुमच्या मिरवणुकीपुढं चाललं, भाऊराव. तुमची दोन कपाटं, पलंग आन् शिलाई मशीनपण त्याच धुडानं आणली."

"भावनेचा प्रश्न नाही हा. दुरुस्त करणार कोण? अच्छन मे महिन्याच्या आधी हात लावत नाही."

"मी."

 व्हरांड्यात कुणीतरी खुदकन हसलं. त्या हसण्याने बेबीच्या डोक्यात तिडीक गेली.

"लिहून घ्या तुमच्या वहीत," ती म्हणाली. "चौदा एप्रिलला नाकाडी स्वतःच्या पायानं हजरतगंजला गेली नाही, तर पंधराला मी माह्या हातानं कबाड्याले देईन. आन् गेली, तर पुन्हा तिले धूड म्हणायचं नाही. कोणीच."

भाऊरावांनी खरंच लिहून घेतलं. कबाड्यालाही पंधरा तारीख सांगून ठेवली.

घरी आल्यावर माया कपाळाला हात लावून बसली. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत. "आई, आपने कभी ट्रक का एक्सल खोला भी है?"

"वॅगनचा खोलला आहे. रोज खोलते."

"वो रेल है, आई!"

"लोखंडाले काय माहीत आपण रेल आहो का ट्रक आहो?"

मदतीला होता फक्त दत्तूमामा. वर्ध्याकडचा, बेबीच्याच शॉपातला जुना खलाशी, रिटायर व्हायला सहा महिने राहिलेला. तो म्हणाला, "बेबी, मी येईन. पण लोक हसतील तर मी तुह्याकडं बोट दाखवीन."

"दाखवा मामा. दोन्ही हातांनी दाखवा."

मार्चमधले बहुतेक रविवार आणि शिफ्ट सुटल्यानंतरची उजेडाची वेळ कडुलिंबाखाली गेली. चाकं काढली, स्प्रिंगचे पाटे सोडले, आतले दोन्ही दांडे ओढले. मग मधला गोळा, म्हणजे ज्यात दातेरी चक्रं बसतात ती लोखंडी पेटी, दोघांनी मिळून धरून बाहेर काढली. काढण्याआधी बेबीने गोळ्याच्या माथ्यावर छिन्नीने एक ठिपका मारला. "परत बसवताना ठिपका वर," ती म्हणाली. दत्तूमामाने मान डोलावली.

आत पाहिलं तर क्राउनचे, म्हणजे मोठ्या चक्राचे, चार दात गायब आणि तेलात चांदीसारखा चुरा. क्राउन आणि त्यात फिरणारं लहान चक्र, पिनियन, यांची त्या मापाची जोडी मिळायची कुठे? दोन गुरुवार आणि एक रविवार नक्खासच्या बाजारात घातले. तिथे पिंजऱ्यातल्या पोपटांपासून नवाबाच्या तुटक्या झुंबरापर्यंत सगळं विकायला असतं. शेवटी एका जुन्या लोखंडवाल्याकडे गंजलेली पण दात शाबूत असलेली जोडी सापडली. बेबीने एकेका दातावरून बोट फिरवलं, मुलाचे दुधाचे दात तपासावेत तसं. पोत्यात घालून रिक्षात ठेवली तेव्हा रिक्षावाला म्हणाला, "बहनजी, इसमें मुर्दा है क्या?"

"अभी है. ज़िंदा करने ले जा रहे हैं."

दातात दात नीट बसतो की नाही हे बघायला मिस्त्री लोक रंग लावतात, कुठे घासला जातो ते पाहतात. बेबीकडे मिस्त्रीचा रंग नव्हता. झेंडे रंगवायला आणलेली नीळ होती. तिने ती तेलात कालवली, दातांना फासली आणि चक्र हळूहळू फिरवलं. निळा डाग दाताच्या टोकाला आला, म्हणजे चूक. पत्र्याची एक चकती काढली, परत फिरवलं. डाग बुडाला गेला. चकती घातली, परत फिरवलं. असं अठरा वेळा. एकोणिसाव्या वेळी डाग दाताच्या बरोबर मधोमध उमटला तेव्हा दत्तूमामा म्हणाला, "जय भीम!" आणि तिथेच मातीत बसून त्याने बिडी पेटवली. मास्तर नाही, पुस्तक नाही, आणि पान खाणाऱ्या उस्तादाने भावालाही न दाखवलेलं काम कडुलिंबाखाली झालं होतं.

आता पुढे जे झालं ते फक्त वॅगन शॉपच्या माणसांकडूनच होऊ शकतं.

वॅगन शॉपात बोगी, म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा, दुरुस्तीला आली की क्रेनने उचलून आधी पालथी घालतात. पोट वर आलं की सगळं हाताशी येतं. मग जोडून झाल्यावर सुलटी करतात. बेबीने सहा वर्षं आणि दत्तूमामाने तीस वर्षं हेच केलेलं. ट्रकच्या ॲक्सलचं मोठं लोखंडी घर साफ करायला काढलं, तेव्हा दोघांनी कसलाही विचार न करता ते रुळांखालच्या दोन लाकडी स्लिपरांवर पालथं टाकलं. साफ केलं, घासलं, तसंच राहू दिलं. मग गोळा आणला, ठिपका वर ठेवून त्यात बसवला. दहाही बोल्ट लोण्यासारखे गेले. दोघंही खूश. वस्तीतल्या आठ बायांना बोलावून घर सुलटं केलं, गाडीखाली सरकवलं, पाटे बांधले, दांडे घातले, चाकं चढवली, नव्वद नंबरचं तेल ओतलं.

तेरा एप्रिलला गुड फ्रायडेची सुट्टी होती. दुपारी तीन वाजता सगळी वस्ती कडुलिंबाखाली जमली. भाऊराव सायकल घेऊन आले आणि गाडीच्या मागे, सावलीत, ती उभी करून हात बांधून थांबले.

बेबी स्टिअरिंगवर बसली. इंजिन एकदोनदा खोकलं आणि लागलं. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला.

नाकाडी मागे गेली.

"पुढं, बेबी, पुढं!" दत्तूमामा ओरडला.

"पुढंच तर घेऊन राहिली!"

तिने दुसरा गिअर टाकला. नाकाडी आणखी जोरात मागे गेली आणि भाऊरावांच्या सायकलवरून आरामात गेली. बेबीने ब्रेक दाबला तेव्हा सायकलची घंटी एकदा वाजली आणि थांबली.

मग जे हसू फुटलं ते क्वार्टरच्या गच्च्यांवरूनही आलं. दत्तूमामा गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता.

"ठिपका खाली आहे," तो म्हणाला.

"कसा खाली? आपण वर ठेवला होता ना."

"आपण वर ठेवला होता, पण घर पालथं होतं, बेबी. घर सुलटं केलं, तर ठिपका खाली गेला. गोळा उलटा बसला. आता पुढचे चारही गिअर मागं नेतात."

 गोळा परत काढायचा म्हणजे चाकं, दांडे, पाटे, सगळं. दोन दिवसांचं काम. आणि हातात एक संध्याकाळ. ती स्टिअरिंगवरच बसून राहिली. खाली भाऊराव वाकड्या सायकलकडे बघत होते, पण आवाजात राग नव्हता, दया होती. ती रागापेक्षा वाईट.

"बेबीबाई, उतरा आता. तुम्ही खूप केलं. मी भाड्याचा ट्रक सांगून येतो. पंधराला कबाडी—"

"थांबा."

"अहो, ही गाडी मागं चालते!"

"चार गिअरात मागं चालते," बेबी हळूच म्हणाली. तिने मायाकडे पाहिलं. "पाचवा कोणता असतो गं?"

"रिवर्स," माया म्हणाली, आणि मग तिचे डोळे मोठे झाले. "आई. नहीं. आई!"

बेबीने रिव्हर्स टाकला. गाडीने कुत्र्याच्या पिल्लासारखा कळवळून आवाज काढला. आणि नाकाडी, लांब नाक पुढे करून, माणूस चालतो त्या चालीने पुढे निघाली. मैदानाच्या टोकापर्यंत गेली. थांबली.

आता कुणी हसत नव्हतं.

"अध्यक्षसाहेब," बेबी खिडकीतून म्हणाली, "तुमची मिरवणूक काय पळत जाते का?"

"पण रिव्हर्समध्ये? चारबाग ते हजरतगंज? लोक काय म्हणतील?"

"लोक गिअर बघायले येतात का फोटो?"

"गिअर निसटला तर?" दत्तूमामाने विचारलं. तो रास्त बोलला, कारण गिअरचा दांडा थरथरत होता.

"बांधून टाकीन."

दुसऱ्या दिवशी तिने झेंड्याची उरलेली निळी पट्टी घेऊन गिअरचा दांडा सीटच्या लोखंडाला करकचून बांधला. शेजारी माया बसली, पायाशी पाण्याच्या दोन बादल्या, इंजिन तापलं तर ओतायला. वर फोटो, मागे बाया. चारबागच्या चौकातून मिरवणूक निघाली तेव्हा बायांनी गाणं धरलं आणि खालून गिअर कळवळला. पहिल्या कडव्यापर्यंत दोन्ही आवाज एकमेकांना ढकलत होते. मग बायांनीच सूर वर चढवला. बेबीने मागे वळून ओरडून सांगितलं, "अजून मोठ्यानं! हिचं ऐकू येऊन राहिलं!"

अच्छन उस्तादांच्या गॅरेजसमोर गाडी आली. उस्ताद आत कुठल्यातरी बोनेटमध्ये वाकले होते. तो आवाज कानावर पडला आणि ते ताठ झाले. हातातलं फडकं तसंच घेऊन रस्त्यावर आले. नाकाडीच्या बाजूने दहा पावलं चालले, खाली वाकून पाहिलं, परत खिडकीपाशी आले.

"बीबी," ते म्हणाले, "गाड़ी रिवर्स में है?"

"हाँ उस्ताद."

"और जा आगे रही है."

"जाना आगे ही था."

उस्ताद चालतच राहिले. "गोला उल्टा बैठा है. लेकिन..." ते पुन्हा वाकले, चालता चालता कान लावला. गिअरबॉक्सच्या कळवळ्यामागे क्राउनचा आवाज कसा आहे ते त्यांना ऐकायचं होतं. "लेकिन दाँत किसने मिलाए?"

"हमने."

"रंग किससे देखा?"

"नील से. कपड़े वाली."

उस्तादांनी तोंडातलं पान बाजूला नेलं.  चौकापर्यंत गाडीबरोबर चालले, पुढे जमलेल्या टांगेवाल्यांना हात करून बाजूला व्हायला लावलं, "हटो भाई, हटो, बीबी की गाड़ी है," आणि मग परत फिरले. उलटा बसलेला गोळा ते विसरले नसणार. बेबीही विसरली नव्हती. पण टांगेवाल्यांना कुणी हटवलं, ते तिने पाहिलं.

वाटेत इंजिन तीनदा तापलं, तीनदा पाणी ओतलं. एकदा पट्टी सैल झाली तेव्हा मायाने दोन्ही हातांनी दांडा धरला आणि अर्धा मैल धरून ठेवला. हजरतगंजच्या तोंडावर वाहतुकीच्या हवालदाराने हात करून सांगितलं, "थोड़ा पीछे लीजिए!" बेबीने पट्टी सोडली, पहिला गिअर टाकला, नाकाडी मागे गेली. हवालदाराला यात काही विशेष वाटलं नाही. मायाला इतकं हसू आलं की उरलेली बादली तिच्याच पायांवर सांडली.

दुपारी सव्वा वाजता नाकाडी हजरतगंजात पोचली. स्वतःच्या पायाने. भाऊराव घामाने भिजलेले, पायी आलेले, कारण सायकल नव्हती. ते खिडकीशी आले. त्यांनी खिशातून वही काढली, उघडली, त्या दिवशी लिहिलेलं पान बघितलं.

"लिहा," बेबी म्हणाली.

"काय लिहू?"

"पोचली, म्हणून लिहा."

भाऊरावांनी वही गाडीच्या मडगार्डवर ठेवून लिहिलं. मग पेन खिशाला लावत म्हणाले, "पण ते उलटं आहे, ते पण लिहू का?"

"लिहा की. मीच बसवलं, मीच काढीन. त्यात काय लपवायचं?"

पंधरा तारखेला रविवार. सकाळी आठला कबाडी हातगाडी, दोर आणि दोन माणसं घेऊन कडुलिंबाखाली हजर झाला. त्याला कुणी काही कळवलंच नव्हतं. पाहतो तर ट्रक जॅकवर उभा, मागची चाकं बाजूला काढलेली, आणि गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले, पायांवर साडीचा काठ.

"बहनजी," तो वाकून म्हणाला, "खोलने का काम हम खुद कर लेते. आप काहे परेशान हो रही हैं?"

गाडीखालून हात बाहेर आला, कोपरापर्यंत काळा.

"बाईस नंबर का पाना पकड़ाओ," बेबी म्हणाली. "तुम्हारे पैर के पास पड़ा है."

कबाड्याने पाना दिला. मग दुसरा मागितला, तोही दिला. थोड्या वेळाने त्याने दोन्ही माणसांना हातगाडी घेऊन घरी पाठवलं आणि स्वतः स्लिपरावर बसला, कारण मधला गोळा बाहेर काढताना पलीकडून धरणारा दत्तूमामा अजून आला नव्हता.